बाबा म्हणावं तर दादा ऐकू येतं

गेल्या अंकातल्या बोलक्या बाहुल्यांवरच्या लेखात अमेरिकी विनोदी कलाकार पॉल विंचेल यांच्याबद्दल चार ओळी होत्या : टीव्हीवरचे शब्दभ्रमकार (म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करणारे), ‘विनी द पू’ या कार्टूनमधल्या टिगर वाघाचा आवाज आणि कृत्रिम हृदयाचं पेटंट घेणारे गृहस्थ. तेवढ्यावर वाचकांचं समाधान झालेलं दिसत नाही. ‘ही तिन्ही कामं एकाच माणसाची कशी?’ अशी पत्रं पुष्कळ आली आणि काहींनी तर थेट हुन्नराचेच प्रश्न विचारले. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : विंचेल मुळात कशासाठी ओळखले जात? आमच्या पिढीला फक्त टिगर माहीत आहे. (सातारा)

आधी बाहुला, मग आवाज. पन्नाशीच्या दशकातल्या अमेरिकी मुलाला विचारलं असतं तर त्यानं टिगरचं नव्हे, ‘जेरी महोनी’चं नाव घेतलं असतं.

विंचेल यांचा जन्म २१ डिसेंबर १९२२ चा, न्यूयॉर्कमधला. घर ज्यू, आडनाव विल्चिन. ‘विंचेल’ हे पुढे घेतलेलं. सहाव्या वर्षी पोलिओ झाला आणि पाय बारीक राहिले. बारा-तेराव्या वर्षी एका मासिकात दहा सेंटांत शब्दभ्रम शिकवणाऱ्या संचाची जाहिरात दिसली आणि पोरगं त्या नादाला लागलं. रेडिओवर एडगर बर्गन आणि त्यांचा बाहुला चार्ली मॅकार्थी यांची तेव्हा चलती होती. रेडिओवर शब्दभ्रम ही गोष्टच मुळात गमतीची आहे, ओठ हलले काय नि न हलले काय, ऐकणाऱ्याला कुठे दिसतंय! विंचेल यांना मात्र ओठ दिसणाऱ्या माध्यमात काम करायचं होतं. कलाशाळेतल्या जेरो मॅगन या शिक्षकांनी बाहुला बनवण्याचं काम शाळेचा प्रकल्प म्हणून मान्य केलं. ‘जेरी महोनी’ हे नाव म्हणजे त्या गुरूंच्याच नावाची मोडतोड.

मेजर बोव्झ यांच्या हौशी कलाकारांच्या रेडिओ स्पर्धेत किशोरवयातच पहिलं बक्षीस मिळालं, मग दौरे सुरू झाले, आणि १९४८ पासून टीव्ही. जेरी आगाऊ आणि तरतरीत. त्याच्या जोडीला पुढे ‘नकलहेड स्मिफ’ आला, तो मंद आणि भाबडा. शेवटचा मोठा कार्यक्रम ‘विंचेल-महोनी टाइम’, लॉस एंजेलिसहून, १९६५ ते १९६८. तो संपला त्याच वर्षी दोन दारं उघडली : हॅना-बार्बेरा कंपनीच्या ‘वॅकी रेसेस’मधला खलनायक डिक डास्टर्डली आणि डिस्नेचा टिगर. टिगरच्या पहिल्या लघुपटाला ऑस्कर मिळालं. ते वॉल्ट डिस्ने यांना मरणोत्तर दिलं गेलं. १९८१ पासून ‘स्मर्फ्स’मधला गार्गामेल. म्हणजे वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत चेहरा प्रसिद्ध, त्यानंतर आवाज.

प्रश्न : शब्दभ्रमकार आवाज दुसरीकडे ‘फेकतात’ म्हणजे नेमकं काय करतात? ओठ न हलवता प, ब, म कसे म्हणता येतात? शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुलांना शिकवायचं आहे. (नाशिक, एक शिक्षिका)

आवाज फेकता येत नाही. तो तोंडातून निघतो तिथूनच निघतो. माणसाचा कान दिशा ओळखण्यात कच्चा आहे आणि डोळा हट्टी. समोर एक तोंड बंद आणि एक उघडमीट करतंय म्हटल्यावर मेंदू डोळ्याचं ऐकतो. सिनेमागृहात ध्वनिवर्धक पडद्यामागे किंवा बाजूला असतो, तरी संवाद नटाच्या तोंडून आल्यासारखा वाटतो, तीच ही गोष्ट. म्हणून पहिला धडा गळ्याचा नाही, नजरेचा. बाहुला बोलतो तेव्हा तुम्ही त्याच्याकडे बघा. तुम्ही बघाल तिकडे प्रेक्षक बघतात.

तोंडाची ठेवण अशी. वरचे-खालचे दात हलके टेकवा, दाबू नका. ओठ पेन्सिलच्या निम्म्या जाडीएवढे उघडे, किंचित हसरे. जीभ मोकळी. या स्थितीत अ, आ, इ, ए म्हणून पाहा, आरशात काही हलत नाही. उ, ऊ, ओ, औ म्हणताना ओठांचा चंबू होऊ पाहतो. तो होऊ न देता जिभेचा मागचा भाग मागे ओढायचा. ‘ओ’ थोडा सपाट येतो, चालतो.

व्यंजनांत मराठीनं आपली सोय केली आहे. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, र, ल, ळ, श, स, ह, या सगळ्यांना ओठ लागत नाहीत. अडचण फक्त प, फ, ब, भ, म आणि व यांची. त्यांच्या जागी जिभेचं काम घ्यायचं :

प साठी त, ब साठी द, भ साठी ध, म साठी न, फ साठी सैलसर थ. ‘व’ला ‘उअ’ असा घसरता स्वर : ‘वाडा’ म्हणजे ‘उआडा’, भरभर म्हटला की वाडाच.

पण नुसता ‘द’ म्हटला की ‘द’च ऐकू येतो. बाबा म्हणावं तर दादा ऐकू येतं, मामाचा नाना होतो आणि पाट म्हणावं तर ताट पुढे येतं. यावर उपाय असा : जिभेचं फक्त टोक न टेकवता पुढचा रुंद भाग दातांच्या मागे आणि हिरडीवर पसरून टेकवा, तिथे हवा क्षणभर अडवा आणि मऊ सोडा. जीभ करकरीत टेकली की ‘द’, पसरून मऊ सुटली की ‘ब’च्या जवळचं काहीतरी. मनात मात्र ‘ब’च म्हणत राहायचं. हे ऐकायला भाबडं वाटेल, पण त्यानं स्वराचा रंग बदलतो. दहा मिनिटांच्या सरावात हे येणार नाही, पंधरा दिवस रोज दहा मिनिटं केलं तर येईल.

बाकीचं काम लेखनात करायचं, आणि नवशिक्यांच्या संहिता फसतात त्या इथेच. तीन गोष्टी पाळा.

पहिली : ओठांचं अक्षर वाक्याच्या सुरुवातीला आणि जोर पडतो तिथे नको. ‘भाकरी दे’पेक्षा ‘जरा दे की ती भाकरी’ हे सोपं. दुसरी : अवघड शब्द आधी तुम्ही स्वतः स्वच्छ म्हणा. ‘काय रे, आंबा हवा?’ असं तुम्ही विचारलंत की बाहुल्यानं ‘आंदा!’ म्हटलं तरी प्रेक्षकांना ‘आंबा’च ऐकू येतो, कारण शब्द कानात आधीच बसलेला असतो. (आंबा, तांब्या, चिंब हे शब्द दुहेरी कठीण. अनुस्वारातही म लपलेला असतो.) तिसरी : बाहुल्याच्या तोंडी प्रश्न आणि टोमणे द्या, व्याख्यान देऊ नका. त्याची वाक्यं पाच-सहा शब्दांची पुरेत.

बाहुल्याचं नाव ठेवतानाही विचार करा. ‘जेरी’त ओठांचं अक्षर नाही. आपल्या पाध्ये कुटुंबाच्या ‘अर्धवटराव’मध्येही दोन व सोडले तर नाही. ‘पप्पू’, ‘बंब्या’ ही नावं ठेवून स्वतःवर संकट ओढवून घेऊ नये.

जबड्याबद्दल एक. बाहुल्याचं तोंड लिहिलेल्या अक्षरांबरोबर नव्हे, बोलण्यातल्या झटक्यांबरोबर उघडतं. ‘सरकार’ लिहिताना चार अक्षरं, बोलताना सर-कार असे दोनच झटके. तोंड स्वरावर उघडायचं आणि व्यंजनावर मिटायचं. मुलं नेमकं उलटं करतात, शब्द सुरू झाल्यावर तोंड मिटतात, आणि मग बाहुला शब्द गिळतोय असं वाटतं. डोकं मात्र बोलण्याआधी वळायला हवं : आधी वळणं, मग बोलणं. अर्ध्या सेकंदाचा हा फरक बाहुल्यात जीव आणतो.

दूरचा, पेटीतून आल्यासारखा आवाज काढताना गळा आवळावा लागतो. शाळकरी मुलांना तो शिकवू नका, घसा बसतो.

प्रश्न : जेरी महोनी कोणत्या लाकडाचा होता? आत यंत्रणा कशी असते? मी सुतारकाम करतो, नातवासाठी असा बाहुला करायचा आहे. (कोल्हापूर)

मूळ जेरीचं डोकं शिकागोच्या फ्रँक मार्शल या कारागिरांनी कोरलेलं. पुढे विंचेल यांनी त्याच्या नकला बासवुडमध्ये उतरवून घेतल्या. टीव्हीवर बहुतेक काळ दिसतो तो जेरी म्हणजे त्यातली एक नक्कल. नकलहेडही वेगळा कोरलेला नाही, जेरीच्याच डोक्याच्या दोन नकलांवर काम करून विंचेल यांनी तो घडवला. मूळ जेरी आणि एक नकलहेड आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहेत.

बासवुड हलकं, बारीक पोताचं, चाकूला मऊ असतं. आपल्याकडे सावंतवाडीची खेळणी ज्या पांगाऱ्याची करत आले, तो जवळपास त्याच गुणांचा. पण पांगाऱ्याला कीड लवकर लागते, तेव्हा लाकूड पूर्ण वाळवून, आतूनबाहेरून रंगाचा हात द्या. वजन सांभाळा. डोकं किलोच्या आत राहिलं पाहिजे, नाहीतर दहा मिनिटांत मनगट भरून येतं.

रचना थोडक्यात अशी. धड पोकळ, पाठीला हात जाईल एवढी खिडकी. डोक्याला खाली दांडी, ती धडाच्या वरच्या भोकातून आत लोंबते; दांडी फिरवली की मान फिरते. दांडीवर अंगठ्याजवळ खटका, खटक्यापासून दोरी किंवा तार जबड्याच्या मागच्या टोकाला. जबडा आडव्या खिळीवर झुलतो. खटका दाबला की उघडतो, सोडला की स्प्रिंग त्याला मिटवते. डोळ्यांसाठी दुसरा खटका, पण पहिल्या बाहुल्याला तो करू नका.

बिघाड ठरलेले असतात. स्प्रिंग कडक असेल तर अंगठा थकतो आणि तोंड बोलण्याच्या मागे राहतं. सैल असेल तर जबडा लोंबतो आणि नातवाचा बाहुला कायम जांभई देतो. मिटताना ‘टक’ आवाज येतो, तो ध्वनिक्षेपकावर बंदुकीसारखा घुमतो. वरच्या कडेला चामड्याची किंवा फेल्टची पट्टी चिकटवा. जबड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर फट ठेवा. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि कोल्हापूरच्या जुलैत बिनफटीचा जबडा हमखास अडकतो. दोरी सुती नको, ती ताणते. नायलॉनची मासेमारीची दोरी चांगली.

कोरायचं नसेल तर मातीच्या साच्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीनं चिकटवून डोकं करता येतं. सात-आठ थर, दर दोन थरांनंतर पूर्ण वाळवणं. खळीत चिमूटभर मोरचूद घातलं की बुरशी धरत नाही, पण ते विषारी आहे. ते काम तुमच्या हातांनी करा, नातवाच्या नको.

विंचेल यांची एक युक्ती मात्र घरी सहज जमेल. टीव्हीवर ते जेरी-नकलहेडच्या बाह्यांत लाकडी हात न घालता मागे लपलेल्या मदतनिसाचे खरे हात घालत. लाकडी तोंडाचा पोरगा अचानक कान खाजवतो, चष्मा पुसतो. यासाठी मदतनिसाची उंची आणि टेबलाची आड एवढंच जुळवावं लागतं.

प्रश्न : हनुवटीवर डोळे काढून ते एक पात्र करायचे, असं ताईनं सांगितलं. खरंच? मला करता येईल का? (इयत्ता सातवी, चिपळूण)

खरंच. त्या पात्राचं नाव ऑस्वल्ड. आणि तुला नक्की करता येईल.

काजळाच्या पेन्सिलीनं हनुवटीवर दोन डोळे काढ, मधे नाक. लक्षात ठेव, हे सगळं उलटं दिसणार आहे, म्हणून डोळे ओठांपासून लांब, हनुवटीच्या टोकाकडे, आणि नाक डोळे नि ओठांच्या मधे. आता स्वतःचं खरं नाक आणि डोळे झाकायला छोटासा सदरा हवा. जुन्या सुती रुमालाचा शिव, बाहुलीचे हात त्याला लाव. कापड पातळ घे, श्वास त्यातूनच घ्यायचा आहे. मोबाइलवर चित्रण करायला ताईला सांग आणि नंतर ते चित्र १८० अंशांत फिरवा. विंचेल यांच्या वेळी हे फिरवणं टीव्हीच्या कॅमेऱ्यात विजेच्या यंत्रणेनं केलं जाई.

आता तुझा खालचा ओठ त्याचा वरचा ओठ झाला. हनुवटी हलवलीस की त्याचं अख्खं डोकं हलतं. चिमुकलं डोकं आणि भलंमोठं तोंड, एवढ्यावरच लोक हसतात. दिवा मात्र खालून लाव. वरून लावलास तर फिरवलेल्या चित्रात उजेड जमिनीतून आल्यासारखा वाटतो आणि गंमत जाऊन भूत दिसायला लागतं. ओठ लपवायचे नसल्यामुळे इथे प, ब, म खुशाल म्हण.

प्रश्न : मी डबिंगच्या कामाच्या शोधात आहे. टिगर, डास्टर्डली आणि गार्गामेल हे तिन्ही आवाज एका गळ्यातून येतात हे ऐकून पटत नाही. आवाज ‘बदलायचा’ कसा, आणि कार्टूनमध्ये आवाज आधी की चित्र आधी? (मुंबई)

दुसऱ्या प्रश्नानं सुरुवात करू, कारण त्यावर पहिल्याचं उत्तर अवलंबून आहे. अमेरिकी कार्टूनमध्ये आवाज आधी. संहिता आणि चित्रकथेचे कागद समोर ठेवून कलाकार बोलतो. मग ध्वनिमुद्रणाची चिरफाड करून कोणत्या चौकटीवर कोणता उच्चार येतो याचा तक्ता बनतो. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे तीन सेकंदांच्या वाक्याला ७२ घरं. त्या तक्त्यावरून चित्रकार तोंड काढतो. म्हणून तिथे नटाला स्वतःच्या वेगानं बोलता येतं.

तरीही डिस्ने आणि हॅना-बार्बेरा यांत फरक होता. डिस्नेकडे चित्रं भरपूर, टिगर शेपटीवर उड्या मारतो तेव्हा आवाजाला चित्राची साथ असते. हॅना-बार्बेरा टीव्हीसाठी कमी पैशांत काम करत. शरीर स्थिर, फक्त तोंडाच्या मोजक्या आकृत्या बदलायच्या. त्यांच्या अनेक प्राण्यांच्या गळ्यात कॉलर किंवा टाय असतो तो याचसाठी : डोकं धडापासून वेगळं काढलं तरी सांधा दिसत नाही. अशा चित्रात अभिनय उरतो तो आवाजातच. लाकडी तोंडाच्या, एकाच भावाच्या बाहुल्याला वीस वर्षं जिवंत ठेवलेल्या माणसाला हे काम नवं नव्हतंच. आमच्या मते त्यांच्या दुसऱ्या कारकिर्दीचं गुपित हेच आहे. नकलाकार म्हणून तसे पुष्कळ जण त्यांच्याहून सरस होते.

आता आवाज बदलण्याबद्दल. नवशिके फक्त पट्टी बदलतात, वर किंवा खाली. त्यानं एकाच माणसाचे दोन मूड होतात, दोन माणसं होत नाहीत. चार गोष्टी स्वतंत्रपणे ठरवा : पट्टी, आवाज घुमण्याची जागा (नाक, टाळू, छाती), वेग, आणि श्वास. टिगर ऐका : घसा किंचित खरखरीत, स-श थोडे बोबडे, वाक्य उसळी घेऊन संपतं. डास्टर्डली : नाकात, तोऱ्यात, शब्द चावून. गार्गामेल : खरवडलेला गळा, ओरडणं आणि पुटपुटणं यांच्यात सतत उडी. चारपैकी तीन गोष्टी बदलल्या की ऐकणाऱ्याला गळा ओळखू येत नाही.

प्रत्येक पात्रासाठी एक किल्लीचं वाक्य ठेवा, जे म्हटलं की आवाज जागेवर येतो. ते मोबाइलवर मुद्रित करून ठेवा. तीन महिन्यांनी त्याच पात्रासाठी पुन्हा बोलावणं आलं की स्मरणावर विसंबू नका, आवाज नकळत सरकतो आणि संकलकाला जोड लपवता येत नाही.

ध्वनिक्षेपकापासून एक वीत अंतर आणि तोंड थोडं तिरकं. समोरासमोर बोललात तर प, फ, ब, भ यांच्या फुंकरीचा धक्का बसतो. ओरडायचं वाक्य असेल तर आवाज चोरू नका. अर्धं पाऊल मागे जा, मान वळवा आणि पूर्ण ओरडा. चोरलेलं ओरडणं लगेच कळतं. खरवडलेल्या गळ्याची वाक्यं आणि किंचाळ्या शेवटी मुद्रित करायला सांगा. आधी केल्यात तर उरलेल्या दिवसाचे मऊ संवाद गेले. पाणी साधं, थंड नको. गळ्यात जळजळ सुरू झाली की थांबा, तो आवाज चुकीच्या जागेवरून येतोय.

आपल्याकडचं डबिंग याच्या नेमकं उलटं, चित्र आधी तयार असतं. पात्राचे ओठ जिथे मिटतात तिथे मराठी वाक्यातही प, ब किंवा म आला तर बोलणं त्याचंच वाटतं. शब्दभ्रमकार ज्या सहा अक्षरांपासून पळतो, डबिंगचा लेखक तीच शोधत फिरतो. अनुवाद हातात आला की ओठ मिटण्याच्या जागांवर पेन्सिलीनं खुणा करा आणि शब्दांचा क्रम बदलून पाहा. मराठीत क्रम बराच लवचीक आहे, त्याचा फायदा घ्या.

प्रश्न : पहिलं कृत्रिम हृदय विंचेल यांनी बनवलं असं सर्वत्र वाचायला मिळतं. वैद्यकीय विद्यार्थी म्हणून मला हे अतिशयोक्त वाटतं. (अमरावती)

शंका रास्त आहे. ‘पहिलं हृदय’ नव्हे, ‘पेटंट घेतलेलं सुरुवातीचं यांत्रिक हृदय’ म्हणा. १९५७ मध्येच क्लीव्हलंडला व्हिलेम कोल्फ आणि टेट्सुझो अकुत्सू यांनी कुत्र्याच्या छातीत कृत्रिम हृदय बसवलं होतं आणि ते सुमारे दीड तास चाललं होतं.

विंचेल यांनी कोलंबिया विद्यापीठात वैद्यकपूर्व अभ्यास केला होता. पुढे हेन्री हाईमलिक या शल्यचिकित्सकांची मदत मिळाली, घशात घास अडकल्यावर पोट दाबण्याची पद्धत ज्यांच्या नावानं ओळखली जाते तेच. पेटंटचा अर्ज १९६१ चा, मंजुरी १९६३ ची, क्रमांक ३०९७३६६. हृदयाचे कप्पे आणि झडपा बाहुल्याच्या उघडमीट करणाऱ्या तोंडाडोळ्यांपेक्षा फार निराळ्या नाहीत, असं ते स्वतः सांगत. ही तुलना यंत्रणेपुरती खरी आहे. बाहुल्याचा जबडा अडकला तर लोक हसतात. इथे झडपेपाशी रक्त साचलं तर गुठळी होते, आणि कृत्रिम हृदयाची खरी लढाई पंपाशी नव्हती, गुठळ्या आणि जंतुसंसर्गाशी होती. तिथे बाहुल्याची विद्या पुरत नाही.

पेटंट त्यांनी युटा विद्यापीठाला दिलं. त्याच विद्यापीठात २ डिसेंबर १९८२ रोजी विल्यम डीव्हरीज या शल्यचिकित्सकांनी बार्नी क्लार्क या रुग्णाला रॉबर्ट जार्विक यांच्या रचनेचं ‘जार्विक-७’ हे कृत्रिम हृदय बसवलं आणि क्लार्क ११२ दिवस जगले. जार्विक यांच्या रचनेत विंचेल यांचं किती, हा वाद आहे. हाईमलिक म्हणत, मूळ तत्त्व एकच. जार्विक यांना ते मान्य नव्हतं. दरम्यान कोल्फ १९६७ पासून युटातच होते आणि त्यांचा स्वतःचा दहा वर्षांचा अनुभव होता, हे विसरून विंचेल यांच्या पदरात सगळं टाकणं बरोबर नाही. गरम होणारे हातमोजे, ज्योतीविना पेटणारा लायटर अशी त्यांची इतर पेटंटंही आहेत. ती बघितली की हृदय हा त्यांच्या खटपट्या स्वभावातूनच आलेला उद्योग होता हे कळतं.

प्रश्न : ‘विंचेल-महोनी टाइम’चे भाग कुठे पाहायला मिळतील? (ठाणे)

बहुतेक कुठेच नाही. कार्यक्रम रंगीत फितीवर मुद्रित होता आणि फिती निर्माती कंपनी मेट्रोमीडियाच्या ताब्यात होत्या. पुनःप्रसारणाच्या हक्कांवरून विंचेल आणि कंपनी यांचं फाटलं आणि कंपनीनं फिती नष्ट केल्या. त्या काळी दोन इंची फीत महाग असल्यामुळे जुनं पुसून नवं भरणं ही सगळ्याच वाहिन्यांची सवय होती, पण इथे मामला सवयीचा नव्हता, भांडणाचा होता. विंचेल कोर्टात गेले. १९८६ मध्ये ज्यूरीनं त्यांना १ कोटी ७८ लाख डॉलर देवविले : ३८ लाख फितींची किंमत म्हणून आणि १ कोटी ४० लाख दंड म्हणून. पैसे मिळाले, कार्यक्रम गेला तो गेलाच.

उलट पन्नाशीच्या दशकातल्या त्यांच्या आधीच्या कार्यक्रमांचे काही कृष्णधवल भाग टिकले आहेत. तेव्हा फीत नव्हती, म्हणून टीव्हीच्या पडद्यासमोर सिनेमाचा कॅमेरा लावून थेट प्रक्षेपणाची प्रत काढत. चित्र धूसर असतं, कडा वाकलेल्या असतात, पण जेरीचा जबडा आणि विंचेल यांचे ओठ शेजारी शेजारी पाहायचे तर तेच पाहा. हुशार प्रेक्षकाला म आणि प वर खालचा ओठ किंचित थरथरताना दिसेल. तसा तो सगळ्यांचाच थरथरतो.

प्रश्न : टिगर आणि पिगलेट यांचे आवाज देणारे एकाच दिवशी गेले असं ऐकलं. आणि टिगरचं ‘टीटीएफएन’ म्हणजे काय? (न्यू जर्सी)

एकाच दिवशी नाही, लागोपाठच्या. विंचेल २४ जून २००५ रोजी कॅलिफोर्नियात गेले, ब्याऐंशी वर्षांचे होऊन. टिगरच्या गोष्टीतल्या पिगलेट या डुकराच्या पिल्लाला आवाज देणारे जॉन फीडलर २५ जूनला.

‘टीटीएफएन’ म्हणजे ‘टा-टा फॉर नाऊ’, ‘बरंय, येतो सध्या’ अशा अर्थाचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश रेडिओवर ते लोकप्रिय होतं. ‘विनी द पू’च्या मूळ पुस्तकात ते नाही. विंचेल यांच्या पत्नी ब्रिटिश होत्या, त्यांनी ते सुचवलं आणि वाघाच्या तोंडी बसलं ते बसलंच. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून जिम कमिंग्ज हळूहळू ती भूमिका घेऊ लागले. विंचेल यांच्या कन्या एप्रिल यासुद्धा कार्टूनला आवाज देतात.

प्रश्न : अर्धवटराव मोठा की जेरी? घरात पैज लागली आहे. (दादर)

अर्धवटराव. यशवंत पाध्ये यांनी तो घडवला तेव्हा विंचेल यांचाच जन्म व्हायचा होता. पुढे तो रामदास पाध्ये यांच्या हाती आला आणि त्यानं वयाची शंभरी ओलांडली. जेरी काचेआड गेला, अर्धवटराव अजून बोलतो. पैज कोणी जिंकली ते कळवा.